गुलबर्ग्याचे पहिले खासदार : स्वामी रामानंद तीर्थ

निवडणूक आली म्हणजे गावोगावच्या भिंती रंगतात, ध्वनिक्षेपक गर्जू लागतात आणि चार दिवस सर्वांच्या मुखी उमेदवारांचीच नावे असतात. निकाल लागतो, गुलाल उधळला जातो आणि मग पुढील पाच वर्षे आपण त्या निवडून दिलेल्या माणसाचा बहुधा विचार करीत नाही. त्याने दिल्लीस जाऊन काय केले, कशासाठी आग्रह धरला, कोणत्या प्रश्नास त्याने अग्रस्थान दिले, याची चौकशी करणारे थोडेच असतात. लोकशाहीत मत देणे हा हक्क आहे. परंतु दिलेल्या मताचा हिशेब विचारणे हे कर्तव्य आहे. आज शाळेत शिकणारे विद्यार्थी काही वर्षांतच मतदार होणार आहेत. तेव्हा खासदाराची पारख कशी करावी, हे आपल्याच भागातील एका थोर लोकप्रतिनिधीच्या उदाहरणाने समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हे लोकप्रतिनिधी म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून त्यांचे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. दरवर्षी 17 सप्टेंबरला त्यांचे स्मरण होते. परंतु 1952 साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शेजारच्या गुलबर्गा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. पुढे 1957 साली ते औरंगाबादहून निवडून आले. म्हणजे एकदा कन्नड भाषकांनी आणि एकदा मराठी भाषकांनी त्यांस दिल्लीस पाठविले. बसवकल्याणसारख्या, दोन्ही भाषा घरोघर ऐकू येणाऱ्या गावास याहून जवळचे उदाहरण दुसरे कोणते मिळणार?

खासदाराचे काम कोणते?

प्रथम खासदाराचे काम नेमके कोणते, ते पाहू. आपल्या संसदेची दोन सभागृहे आहेत. त्यांपैकी लोकसभेचे सदस्य प्रत्यक्ष जनतेकडून निवडले जातात. पहिली लोकसभा 13 मे 1952 रोजी भरली. त्या वेळी निवडून द्यावयाच्या जागा 489 होत्या आणि त्यांपैकी 25 जागा हैदराबाद राज्याच्या वाट्यास आल्या होत्या. या सभागृहाची प्रमुख कामे तीन. पहिले, कायदे करणे. दुसरे, सरकारने पैसा कोठून आणावा आणि कशावर खर्चावा यास मान्यता देणे. आणि तिसरे, मंत्र्यांस प्रश्न विचारून त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवणे. सदस्य मंत्री नसला तरी त्यास स्वतःचे विधेयक मांडता येते. अशा अशासकीय कामासाठी शुक्रवारी वेळ राखून ठेवलेला असतो.

पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की, रस्ता, समाजमंदिर किंवा कूपनलिका करून देणे हेच खासदाराचे काम. वस्तुतः खासदार निधीची योजना 1993 साली सुरू झाली. 2011-12 पासून ही रक्कम वर्षाला 5 कोटी रुपये करण्यात आली. स्वामीजींच्या काळी असा निधी मुळीच नव्हता. 1954 च्या कायद्याने खासदारास दरमहा 400 रुपये वेतन आणि अधिवेशनाच्या काळात दररोज 21 रुपये भत्ता ठरवून देण्यात आला, एवढेच. तेव्हा त्या काळच्या खासदाराच्या कामाचे माप दगडविटांनी घेता येत नाही. त्याने कोणता विचार धरून ठेवला आणि त्या विचारास कायद्याचे व व्यवस्थेचे रूप येण्यासाठी किती खटपट केली, यावरूनच त्याची पारख करावी लागते. आमच्या मते आजही खरे माप तेच होय.

शिक्षक, संन्यासी आणि सेनानी

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे शिक्षण सोलापूर, अमळनेर व पुणे येथे झाले. 1920 साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा ते विद्यार्थिदशेतच होते. त्याच सुमारास त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. ज्यांस स्वतःचा आवाज नाही, त्यांचा आवाज कायदेमंडळात कसा उठवावा, याचा पाठ तरुण व्यंकटेशास येथेच मिळाला असावा.

त्यानंतर ते निजामी राज्यात शिक्षक म्हणून आले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी 1921 साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. तेथे ते मुख्याध्यापक झाले. जानेवारी 1932 मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. पुढे 1935 च्या सुमारास ते अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी शाळेचे काम त्यांनी पाहिले.

संन्यासी माणसाने शाळेत काय करावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या काळच्या परिस्थितीत आहे. हैदराबाद संस्थान सुमारे 82 हजार चौरस मैलांचे होते. त्यात सोळा जिल्हे होते. प्रजेपैकी जवळजवळ निम्मे लोक तेलुगू, सुमारे एक चतुर्थांश मराठी आणि त्यांखालोखाल कन्नड व उर्दू बोलणारे होते. परंतु दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बहुसंख्य प्रजेच्या घरात बोलली जाणारी भाषा ती नव्हती. सभा भरवावयाची तर गश्ती 53 या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. अशा राज्यात लोकांच्या भाषेतून चालणारी खाजगी शाळा ही केवळ शाळा राहत नसे. ती लोकजागृतीचे केंद्र होई. स्वामीजींच्या सार्वजनिक जीवनाचा पहिला अग्रक्रम येथे दिसतो. लोकांस त्यांच्या भाषेतून शिक्षण मिळाले पाहिजे, कारण त्यावाचून ते स्वतःचा कारभार स्वतः पाहू शकणार नाहीत.

1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि स्वामीजी राजकारणात ओढले गेले. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबर 1938 मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्यानंतर त्यांस वारंवार कारावास भोगावा लागला. 1946 साली बंदी उठली. 1947 साली ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि हैदराबादने भारतीय संघराज्यात सामील व्हावे, अशी स्पष्ट मागणी त्यांनी केली. 7 ऑगस्ट 1947 हा दिवस त्यासाठी पाळण्यात आला. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, 15 ऑगस्ट रोजी, निजाम सरकारने स्वामीजींस अटक केली. मध्यंतरी काही आठवडे सुटका झाली. परंतु जानेवारी 1948 मध्ये ते पुन्हा गजांआड गेले.

ते वर्ष आपल्या भागास फार दुःखाचे गेले. आपल्याच परिसरातील गोरटा या गावी मे 1948 मध्ये रझाकारांनी अनेक निरपराध माणसांची हत्या केली. त्या हुतात्म्यांचे स्मारक आज तेथे उभे आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या मार्गाने आत शिरले. दुसऱ्याच दिवशी ते आपल्या तालुक्यातील राजेश्वर येथे पोहोचले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले ते स्वतंत्र हैदराबादच्या नव्हे, तर स्वतंत्र भारताच्या भूमीवर.

सत्ता आली, पुढे काय?

लढा जिंकल्यावर सेनानींची खरी परीक्षा सुरू होते. ज्या माणसाने संस्थानाविरुद्ध लढ्याचे नेतृत्व केले, त्याने पुढे सत्तास्थानी बसावे, अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु मार्च 1952 मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्रिपद बूर्गुल रामकृष्ण राव यांजकडे गेले आणि स्वामीजींनी लोकसभेचा एक साधा सदस्य म्हणून काम केले. दोन्ही लोकसभांच्या काळात ते मंत्री झाले नाहीत. मंत्रिपद हीच थोरवीची खूण मानणाऱ्या लोकांनी हे ध्यानात घ्यावे.

त्यांच्यापुढे प्रमुख प्रश्न दोन होते. एक जमिनीचा, दुसरा भाषेचा.

जमिनीचा प्रश्न असा होता की, निजामी राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग जहागिरींखाली होता. जहागिरीत महसूल जहागीरदार वसूल करी आणि रयतेने दाद मागावयाची तीही बहुधा त्याच्याच दारी. आपली कल्याणी हीसुद्धा अशीच एक जहागीर होती. येथील किल्ल्यात कल्याणीचे नवाब नांदत. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी नाहीशा करणारा कायदा झाला. 1950 साली कुळकायदा आला आणि ठरावीक मुदत सलग जमीन कसणाऱ्या कुळास ‘संरक्षित कूळ’ म्हणून हक्क मिळाले. हे कायदे राज्याचे होते, संसदेचे नव्हेत. कारण आपल्या घटनेप्रमाणे जमीन हा राज्यांच्या अधिकारातील विषय आहे. तथापि कसणाऱ्यास जमीन मिळावी, हा आग्रह काँग्रेसमधील ज्या गटाने धरला, त्याचे नेतृत्व स्वामीजींकडे होते. आचार्य विनोबा भावे यांस भूदानातील पहिली जमीन 18 एप्रिल 1951 रोजी मिळाली, तीही हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली येथेच. स्वामीजींनी पुढे त्या कार्यासही हातभार लावला. लोकप्रतिनिधीचे सर्व काम सभागृहाच्या चार भिंतींत होत नसते, हे यावरून समजावे.

भाषेचा प्रश्न आणि हैदराबादचे त्रिभाजन

दुसरा प्रश्न याहून बिकट होता. निजामाची सत्ता गेली, परंतु त्याच्या राज्याच्या सीमा तशाच राहिल्या होत्या. एवढेच नव्हे, तर 26 जानेवारी 1950 पासून निजामच त्या राज्याचे राजप्रमुख होते. आता पुढे काय करावयाचे? येथे दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे लोक येथे शतकानुशतके एकत्र राहत आले आहेत. निरनिराळ्या भाषांचा आणि धर्मांचा हा मिलाफ मोडू नये. खुद्द पंतप्रधान पंडित नेहरूंच्या मनात हैदराबाद राज्य मोडण्याविषयी दीर्घकाळ अनुत्सुकता होती. हा पक्ष सर्वस्वी चुकीचा होता, असे आम्हांस म्हणावयाचे नाही.

दुसरा पक्ष स्वामीजींचा. त्यांचे प्रतिपादन असे की, हे राज्य लोकांच्या इच्छेने बनलेले नसून एका राजघराण्याच्या सोयीने बनलेले आहे. गावच्या शेतकऱ्यास कचेरीतील कागद वाचता येत नसेल, न्यायालयातील निकाल कळत नसेल आणि विधानसभेत चाललेली चर्चा समजत नसेल, तर ते राज्य नावापुरतेच लोकांचे. म्हणून हैदराबादचे तीन भाग करून तेलुगू, मराठी व कन्नड प्रदेश आपापल्या भाषाबंधूंच्या राज्यांस जोडावेत. हिप्परग्याच्या शाळेत शिक्षकाने धरलेला विचारच येथे खासदाराच्या मुखाने बोलत होता. अग्रक्रम बदलला नव्हता. केवळ त्याचे क्षेत्र वर्गाएवढे होते, ते राज्याएवढे झाले होते. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या वेळी ते कन्नड प्रदेशाचे खासदार होते. केवळ एका भाषेचा कैवार घेऊन ते बोलत नव्हते. तिन्ही भाषांस एकच न्याय लावीत होते.

29 डिसेंबर 1953 रोजी केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फाजल अली हे त्याचे अध्यक्ष, तर पंडित हृदयनाथ कुंझरू आणि सरदार का. मा. पणिक्कर हे सदस्य होते. आयोगाने 30 सप्टेंबर 1955 रोजी अहवाल सादर केला. हैदराबादचे मराठी जिल्हे मुंबईस आणि कन्नड जिल्हे नव्या कर्नाटकास जोडावेत, तसेच तेलंगण तूर्त वेगळे ठेवावे, अशी त्याची शिफारस होती. अखेरीस तेलंगणही आंध्रास जोडले गेले. राज्य पुनर्रचना कायदा 1956 साली संसदेत संमत झाला आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. त्याच दिवशी राजप्रमुखपदही गेले.

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आले. गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे, काही तालुके वगळून, म्हैसूर राज्यात गेले. बिदर जिल्ह्याचे मात्र तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यास मिळाले; काही भाग आंध्र प्रदेशास गेला; आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद व आपली कल्याणी म्हैसूर राज्यात राहिली. त्याच म्हैसूरचे 1 नोव्हेंबर 1973 रोजी कर्नाटक असे नामांतर झाले.

सीमेच्या अलीकडे राहिलेली मुले

येथवरची हकीकत इतिहासाच्या पुस्तकातही सापडेल. परंतु आपणा सीमाभागातील लोकांस तीत एक प्रश्न दडलेला दिसतो. भाषेप्रमाणे राज्ये केली, तर जे लोक सीमारेषेच्या पलीकडे किंवा अलीकडे अल्पसंख्य म्हणून राहिले, त्यांचे काय? उदगीरचे मूल मराठी राज्यात गेले आणि भालकीचे मूल कन्नड राज्यात राहिले. दोघांच्या घरी भाषा एकच. रेषा कोठेही ओढली तरी काही घरे तिच्या या बाजूस आणि काही त्या बाजूस राहणारच. कारण माणसे काही शेताच्या बांधाप्रमाणे सरळ ओळीत वसलेली नसतात. आपल्या बाजारात एका दुकानी कन्नड, दुसऱ्या दुकानी मराठी आणि तिसऱ्या दुकानी दखनी उर्दू ऐकू येते, हा नित्याचा अनुभव आहे.

स्वामीजींच्या धोरणावर घेता येण्याजोगा खरा आक्षेप हाच. लोकांच्या भाषेत राज्य, हे तत्त्व बहुसंख्यांस न्याय देते. परंतु तेवढ्यानेच ते पूर्ण होत नाही. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची पूर्तता व्हावी लागते. ती म्हणजे जेथे जी भाषा अल्पसंख्य आहे तेथे तिला संरक्षण. ही गोष्ट राज्य पुनर्रचना आयोगाच्याही ध्यानात आली होती आणि त्याने भाषिक अल्पसंख्यांसाठी तरतुदी सुचविल्या होत्या. ज्या लोकसभेत स्वामीजी गुलबर्ग्याचे सदस्य होते, त्याच लोकसभेच्या कारकिर्दीत घटनेची सातवी दुरुस्ती संमत झाली आणि 350-अ हे नवे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्यांनी व स्थानिक संस्थांनी करण्याचा प्रयत्न करावा, असे हे कलम सांगते. आणि त्यासाठी राज्यांस निदेश देण्याचा अधिकार ते राष्ट्रपतींस देते. 350-ब या कलमान्वये या तरतुदींवर देखरेख ठेवण्यासाठी एका विशेष अधिकाऱ्याची योजना करण्यात आली.

म्हणून आम्ही म्हणतो की, 1956 साली दिल्लीत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एका कायद्याने आपणास मराठी राज्यापासून वेगळे केले आणि एका घटनादुरुस्तीने आपली मराठी शाळा आपल्यापाशी राहण्यास आधार दिला. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळेत बसणाऱ्या प्रत्येक मुलाने या दोन्ही गोष्टी जाणून घेतल्या पाहिजेत.

तथापि एक बारकावा विसरून चालणार नाही. 350-अ हे कलम केवळ प्राथमिक शिक्षणाविषयी बोलते. माध्यमिक शाळेविषयी ते मुग्ध आहे. माध्यमिक शाळेस आधार आहे तो घटनेच्या 29 व्या व 30 व्या कलमांचा. आपली भाषा जतन करण्याचा आणि आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क ही कलमे देतात. परंतु हक्क असणे निराळे आणि शाळा चालणे निराळे. शाळा चालते ती शिक्षकांच्या कष्टांवर आणि आईवडील मुलांस तेथे पाठवितात यावर. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निर्णय न्यायालय करील. तोवर वर्गातील बाकांवर बसावयास मुले असावीत, हे मात्र न्यायालयाच्या हाती नसून आपल्या हाती आहे. त्याबरोबरच कन्नड ही आपल्या राज्याची भाषा आहे आणि शेजाऱ्याचीही आहे. तिचा उत्तम अभ्यास करणे हे आपल्या हिताचे व शोभेचेही आहे. ज्या नगरीत बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी शरणांस एकत्र बसवून सर्वांस कळेल अशा कन्नड वाणीत विचार मांडला, तेथील मुलांस लोकभाषेचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पारख करण्याची रीत

1962 साली दुसऱ्या लोकसभेची मुदत संपली, तेव्हा स्वामीजी पुन्हा सभागृहात गेले नाहीत. खादी, ग्रामोद्योग आणि शिक्षण या कार्यांत त्यांनी उर्वरित आयुष्य घालविले. 1967 साली हैदराबादच्या लढ्याविषयीच्या त्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. 22 जानेवारी 1972 रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. शंकरराव चव्हाण आणि पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांस गुरुस्थानी मानीत. त्यांपैकी पहिले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व पुढे देशाचे गृहमंत्री झाले आणि दुसरे 1991 साली भारताचे पंतप्रधान झाले. नांदेड येथे 1994 साली स्थापन झालेल्या विद्यापीठास स्वामीजींचे नाव देण्यात आले आहे.

एखाद्या खासदाराचा अग्रक्रम कायद्यात कसा उतरतो, याचे अलीकडचे उदाहरणही आपल्याच भागात आहे. पूर्वीच्या निजामी राज्यातील कन्नड जिल्हे मागे राहिले आहेत, त्यांस घटनेने विशेष साह्य द्यावे, ही मागणी अनेक वर्षांची होती. गुलबर्ग्याचे तेव्हाचे खासदार मल्लिकार्जुन खर्गे आणि बिदरचे तेव्हाचे खासदार धरमसिंग यांनी तिचा पाठपुरावा केला. डिसेंबर 2012 मध्ये संसदेने 98 वी घटनादुरुस्ती संमत केली आणि 371-जे हे कलम अस्तित्वात आले. त्यामुळे या भागासाठी विकास मंडळ झाले, तसेच शिक्षणात व नोकरीत स्थानिकांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. आज बिदरचा विद्यार्थी वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेताना ज्या सवलतीचा लाभ घेतो, तिचे मूळ या कलमात आहे. कोणी कोणत्या पक्षाचा, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा हा की, लोकांची गरज, प्रतिनिधीचा आग्रह आणि कायद्याचे कलम, अशी ही साखळी असते.

आता आपली पाळी. बसवकल्याण विधानसभा क्षेत्र आज बिदर लोकसभा मतदारसंघात मोडते. त्याच मतदारसंघात गुलबर्गा (आता कलबुर्गी) जिल्ह्यातील आळंद व चिंचोळी ही क्षेत्रेही येतात. आपल्या खासदाराने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत भाग घेतला, किती दिवस उपस्थिती लावली, याची नोंद संसद स्वतः प्रसिद्ध करते आणि ती कोणासही पाहता येते. पूर्वीच्या लोकसभांतील भाषणांचे वृत्तांतही आता घरबसल्या वाचावयास मिळतात. मोठ्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांच्या साह्याने ते एकदा अवश्य वाचून पाहावेत.

वाचताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. पहिला, या प्रतिनिधीचा अग्रक्रम कोणता आणि निवडून येण्यापूर्वी, सभासद असताना व त्यानंतरही तो एकच राहिला काय? दुसरा, त्या अग्रक्रमास कायद्याचे किंवा व्यवस्थेचे काही रूप आले काय? आणि तिसरा, त्याच्या धोरणाने ज्यांचे नुकसान होण्याचा संभव होता, अशा थोड्या लोकांचा विचार झाला काय? पहिल्या दोन प्रश्नांस स्वामी रामानंद तीर्थांचे जीवन निःसंशय उत्तर देते. शिक्षक, सत्याग्रही आणि खासदार या तिन्ही अवस्थांत त्यांचा ध्यास एकच होता आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत फळास आला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या त्यांस देता येण्याजोगे नव्हते. त्याचे अर्धे उत्तर घटनेने 1956 साली दिले आहे. उरलेले अर्धे सीमाभागातील प्रत्येक मराठी शाळा आणि तिच्यात मुले पाठविणारे प्रत्येक घर दररोज देत असते.